अमावस्येला गाडी देत नाही

वहिनी, गाडी तयार आहे.

एवढंच वाक्य मला मंगळवारी सकाळी तुमच्या दारात येऊन म्हणायचं होतं. तुम्ही विचारणार होतात, "सोडली का तुमच्या चंद्रानं?" मी मान खाली घालून हसणार होतो, चहा घेणार होतो आणि किल्ली फ्रिजवर ठेवून निघणार होतो. सगळं ठरलेलं होतं. आज चौदा दिवस झाले. गाडी अजून माझ्या वर्कशॉपात तिसऱ्या लेथ मशिनशेजारी उभी आहे, आणि तुम्ही नाही. हे शेवटचे दोन शब्द मी लिहिले खरे, पण ते मला अजून पटलेले नाहीत. परवा मंडईत मेथी चांगली दिसली म्हणून दोन पेंड्या घेतल्या, एक आमची आणि एक तुमची. घरी आल्यावर तुमच्या जावेनं, सुनंदानं, पिशवी उघडली, दोन्ही पेंड्यांकडं बघितलं आणि निवडायला बसली.

तुमच्या शाळेतल्या जुन्या मुली येऊन गेल्या. बाईंच्या आठवणींचं लहानसं पुस्तक काढतायत. "तुम्ही बाईंचे धाकटे दीर, तुम्ही दोन पानं लिहायलाच पाहिजेत," म्हणाल्या. मी मान हलवली. कागद पुढं घेतल्यावर कळलं, की तुमचं आजऱ्याचं माहेर, शिक्षण, शाळेतली तीस वर्षं हे सगळं त्या माझ्यापेक्षा शुद्ध लिहितील. मला जे लिहायचंय ते त्यांच्या पुस्तकात चालायचं नाही. ते तुम्हालाच सांगायचंय. तुम्ही होतात तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही, कारण मी तुम्हाला भीत होतो. उद्यमनगरात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. गिऱ्हाइकाला मी हाताला धरून दाराबाहेर काढलेलं लोकांनी बघितलंय. आणि तुमचा फोन आला की मी खुर्चीतून उठून उभा राहून बोलतो, हेही माझ्या कामगारांनी बघितलंय.

अण्णा गेले त्याला नऊ वर्षं झाली. माझे थोरले भाऊ आणि तुमचे यजमान. त्यांच्या मागं ती तीस वर्षांची क्रीम रंगाची डिझेल गाडी विकून टाका म्हणून सगळ्यांनी तुमच्यामागं लकडा लावला, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढं. राजारामपुरीत आठव्या गल्लीत राहणाऱ्या एकट्या बाईला गाडी कशाला पाहिजे? खाली उतरलं की रिक्षा मिळते, असं मीच म्हणायचो. तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "भावजी, जे दुरुस्त होतं ते बदलायचं नाही." मला राग यायचा. अहो, दुरुस्ती हा माझा धंदा! झिजलेलं कुठवर चालवायचं आणि कधी फेकून द्यायचं, हे मला जास्त कळतं का तुम्हाला? पण आपल्या दोघांत सगळं उलटंच. लेथवाला म्हणतोय बदला, आणि शाळेतल्या बाई म्हणतायत दुरुस्त करा. हे भांडण नऊ वर्षं चाललं आणि त्याचा निकाल काही लागला नाही. आता लागायचाही नाही.

गाडी चालवायला तुम्हाला मी शिकवलं, हे तुम्ही चारचौघांत कधी कबूल केलं नाहीत. अण्णांनी पहिल्याच दिवशी हात टेकले होते. मग दर रविवारी सकाळी शेंडा पार्कच्या रस्त्यावर तुम्ही स्टिअरिंगवर आणि मी शेजारी, हँडब्रेक घट्ट धरून, तोंडानं मारुतीचं नाव घेत. एकदा रस्त्यात एक म्हैस आडवी उभी राहिली. तुम्ही हॉर्नवर हॉर्न देताय आणि म्हैस ढिम्म. मागून तिचा मालक निवांत चालत आला, काचेशी वाकला आणि म्हणाला, "म्हशीला हॉर्न कळत न्हाय बाई. नावानं हाक मारा की."

तुम्ही घामाघूम झाला होतात, तरी विचारलंत, "काय नाव?"

"राणी हाय."

तुम्ही डोकं खिडकीबाहेर काढलंत आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीला सांगावं तसं सांगितलंत, "राणी, बाजूला हो." आणि ती झाली की हो! मी हसून हसून सीटवरून खाली घसरलो. तुमच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "ह्यात हसण्यासारखं काय आहे भावजी? तिला नीट सांगितलं, तिला कळलं." घरी येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

आणि तुम्ही सातवीच्या मुलींना घेऊन वर्कशॉपवर आलात तो दिवस. चाळीस मुली, लाल रिबिनीच्या दोन दोन वेण्या, लोखंडाच्या किसावरून उड्या मारत चालल्या होत्या. त्यांना साधी यंत्रं दाखवायची होती. मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, वहिनी, तुम्हीच सांगा, मी दहावी नापास माणूस. तुम्ही वळून मुलींना म्हणालात, "आज आपल्याला हे सर शिकवणार आहेत." सर! माझे कामगार तोंडावर फडकं धरून हसत होते. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी अण्णांच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि दाखवायला लागलो. इंजिनच्या तोंडाशी ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, चकती फिरते, ही पुली. हिच्या खाचेत पट्टा बसतो. पुली फिरली की पट्टा फिरतो, आणि पट्ट्यावर पंखा, पाणी, बॅटरीचं चार्जिंग सगळं चालतं. एका मुलीनं हात वर करून विचारलं, "सर, खाच झिजली तर काय होतं?" मी म्हटलं, "पट्टा घसरतो आणि गाडी ओरडते." तुम्ही मुलींच्या मागं उभ्या राहून हे सगळं वहीत लिहून घेत होतात. माझं बोलणं आयुष्यात कुणी लिहून घेतलं ते तेवढं एकदाच. त्या दिवसापासून तुम्ही सतरा नंबरच्या फॉर्मचं माझ्या मागं लावलंत. बाहेरून बसता येतं, भावजी, दहावी करून टाका. दरवर्षी फॉर्म निघाले की तुमचा फोन. मी दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचो. तेही राहिलंच.

त्याच पुलीची पहिली दुरुस्ती मी आणि अण्णांनी मिळून केली होती. मधलं भोक सैल होऊन पुली लंगडायला लागली होती. मी आत बुश, म्हणजे धातूचं कडं, मारला, खाच पुन्हा लेथवर काढून दिली. अण्णा ऑफिसातून तसेच इस्त्रीच्या शर्टात आले होते आणि शेवटपर्यंत माझ्या शेजारी उभे होते. काम झाल्यावर म्हणाले, "थांब, खूण करू दे." पंच आणि हातोडी घेऊन त्यांनी पुलीच्या तोंडावर दोन ठिपके मारले, अगदी जवळजवळ. कसली खूण, विचारलं तर म्हणाले, "एक मी, एक ती." ह्या माणसाच्या तोंडून बायकोबद्दल गोड शब्द निघालेला मी तरी त्याआधी ऐकला नव्हता. मी पळत येऊन तुम्हाला सांगितलं.  तेव्हापासून तुम्ही बॉनेट उघडलंत की आधी ते दोन ठिपके बघायचात आणि मग पाणी बघायचात.

आता त्या शनिवारचं.

तुम्ही गाडी घेऊन आलात. महिनाभर ती कोपऱ्यावरून ओरडत यायची, आख्ख्या गल्लीला कळायचं की मास्तरीणबाई आल्या. त्या दिवशी आवाज नाही. बॉनेट वर केलं तर चंदनाच्या साबणाचा घमघमाट! पट्ट्याला साबण घासून आला होतात. "एका रिक्षावाल्यानं सांगितलं," तुम्ही म्हणालात, "एकदम गप्प होते." मी कामगारांसमोरच तुम्हाला बोललो.

"वैनी, वराडतंय म्हणून कळतंय की! तोंड दाबल्यावर काय कळायचं?"

"म्हणून तर तुमच्याकडं आणली," तुम्ही म्हणालात. "आता नीट दुरुस्त करा. बदलायची नाही, आधीच सांगून ठेवते."

मग तुम्ही रिक्षा बघायला निघालात. पायरीवर क्षणभर थांबलात, दाराच्या चौकटीला हात टेकून दम घेतलात. मी बघितलं. ऊन फार आहे, एवढंच मनात आलं, आणि मी नट खोलायचे पाने शोधायला आत गेलो.

संध्याकाळी पुली काढली, रॉकेलमध्ये धुतली, लेथवर लावली. दोन फेऱ्या फिरवून मी मशिन बंद केलं. मधल्या भोकापासून केसाएवढी चीर निघाली होती आणि ती अण्णांच्या ठिपक्यांपर्यंत पोचली होती. बिडाला चीर गेली की संपलं, वहिनी. बुश चालत नाही, वेल्डिंग धरत नाही. रस्त्यावर वेगात असताना पुली फुटली तर तुकडे कुठं उडतील सांगता येत नाही. चाळीस वर्षं ह्या धंद्यात घालवली, मला एक क्षणही शंका आली नाही. तुम्हाला फोन करायचा आणि सांगायचं, की वहिनी, ह्यात आता दुरुस्ती नाही. एवढंच करायचं होतं. पण ते ठिपके जाणार हे तुम्हाला कसं सांगू? तुम्ही भांडला असतात तर मी भांडलो असतो. पण गप्प बसला असतात तर? मला ते सोसलं नसतं.

रविवारी सकाळी मी बाजारातून नवी पुली आणली. बसवण्याआधी पंच घेतला आणि तिच्यावर दोन ठिपके मारले. अण्णांच्या हातानं दुसरा ठिपका जरा खाली उतरला होता, तोही मी तसाच उतरवला. मग पुली बसवली, पट्टा नवा घातला, गाडी चालू केली. चूं नाही की चां नाही. दुपारी बारा वाजता गाडी तयार होती. रविवारी, दुपारी बारा वाजता. हे मला नीट लिहू द्या, कारण पुढं सगळं ह्याच्यावरच आहे.

पुली करकरीत नवी दिसत होती. तुम्ही बॉनेट उघडल्या उघडल्या माझी चोरी पकडली असती. म्हणून मी तिच्या तोंडावरचा काळा रंग घासून काढला आणि मिठाचं पाणी लावलं. बिडाला मीठ लागलं की दोन रात्रींत तांबेरा, म्हणजे गंज, चढतो. कडेकडेनं जुनं ऑइल चोळलं. मला एक दिवस पाहिजे होता. मंगळवारी ती पुली पंधरा वर्षांची दिसली असती आणि तुम्ही खूश झाला असतात. एवढ्यासाठी, वहिनी. फक्त एवढ्यासाठी.

चार वाजता तुमचा फोन आला.

"झाली का भावजी? येऊ का न्यायला?"

"झालीया जवळजवळ. पर उद्या अमावस्या हाय न्हवं."

"मग आज न्यायला येते की."

"आज सांजच्यालाच लागतीया. अमावस्येला गाडी देत न्हाय वैनी, आमच्या बापूंपासनं नियम हाय. मंगळवारी सकाळी मी सोता आणून देतो."

तुम्ही फोनवर मोठ्यानं हसलात. "तीस वर्षं मुलींना चंद्राच्या कला शिकवल्या, आणि घरात हे! बरं बाबा. तुमच्या चंद्रानं सोडली की आणा." आणि फोन ठेवलात. आपलं शेवटचं बोलणं हे.

बापूंचा, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा, नियम खोटा नाही. अमावस्येला आम्ही मशिनला नारळ फोडतो, दारावरचं लिंबू बदलतो आणि केलेलं काम बाहेर देत नाही. पण तुमच्यासाठी तो नियम मी किती वेळा मोडलाय हे तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही जरा हट्ट धरला असतात तर त्या दिवशीही मोडला असता. तुम्ही हट्ट धरू नये म्हणून मी आवाज मुद्दाम कडक केला होता. बापड्या बापूंचा नियम मी माझ्या लबाडीवर पांघरूण म्हणून घातला.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं. मी घरी होतो. वर्कशॉपची आणि तुमच्या गाडीची किल्ली खुंटीला होती.

साडेनऊच्या सुमाराला तुम्ही जिना उतरून खाली आलात. हे मला तुमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, रक्षाविसर्जनाच्या दिवशी, पंचगंगेच्या घाटावर. त्यांना वाटलं, मला माहीत असेल. पर्स खांद्याला, पायात घरातल्या सपाता, एक हात छातीवर. गाडी जिथं उभी असते ती जागा मोकळी होती, तिथं काकूंनी खुर्ची टाकून दिली. कोपऱ्यावर एरवी चार रिक्षा उभ्या असतात, त्या वेळी एकही नव्हती. काकूंनी फोन करून बोलावली ती यायला वीस मिनिटं लागली. तुम्ही काकूंना म्हणालात, "गाडी असती तर माझी मी चालवत गेले असते." रिक्षात बसेपर्यंत बोलत होतात. दवाखाना तिथून दहा मिनिटांवर. दवाखान्यात पोचल्यावर तुम्ही बोलला नाहीत.

मला कळलं तेव्हा साडेदहा वाजले होते. सुनंदानं फोन घेतला, ऐकला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "वैनी गेल्या." मी तिला विचारलं, "कोण वैनी?" ती रडायला लागली आणि मी पुन्हा विचारलं, "अगं पण कोण वैनी?" आपल्या घरात वहिनी एकच. तरी मी ओळखीतल्या सगळ्या वहिन्या आठवत बसलो होतो, कुणाला काय झालं असेल म्हणून. पायात चप्पल घालताना डाव्या पायाची उजव्यात जात होती. दवाखान्यात तुमच्या अंगावर चादर होती आणि तुमचा चष्मा कुणीतरी उशाशी घडी करून ठेवला होता. मी तो उचलून तुमच्या हाताजवळ ठेवला, उठल्यावर सापडावा म्हणून. संध्याकाळी तुम्हाला खांदा दिला तेव्हा माझ्या नखांत रविवारचं ऑइल तसंच होतं.

डॉक्टरांकडं मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा धीर झाला नाही, कंपाउंडरशीच बोलून परतलो. दुसऱ्यांदा विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? ते चांगले माणूस आहेत, बसवून घेतलं, पाणी दिलं. म्हणाले, झटका मोठा होता. लवकर आणलं असतं तर वाचल्या असत्या असंही म्हणता येत नाही, आणि वाचल्या नसत्या असंही म्हणता येत नाही. एवढ्या शिकलेल्या माणसानं असं अर्धवट का बोलावं? काहीतरी एक सांगा की! वर्कशॉपात आमच्याकडं एक तर वस्तू बसते, नाहीतर बसत नाही.

इथवर लिहिलं ते मी दुसऱ्या कुणापुढंही कबूल केलं असतं. पुढचं अवघड आहे.

सोमवारी सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी माझा फोन वाजला. मी पोह्यांची ताटली घेऊन बसलो होतो. वर नाव आलं, वहिनी. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता हट्ट धरणार, आत्ताच्या आत्ता गाडी आणा म्हणणार, आणि पुलीवर अजून नीट तांबेरा चढलेला नाही. मी फोन वाजू दिला. तो वाजला, वाजला आणि बंद झाला. सुनंदानं आतून विचारलं, "कुणाचा ओ?" मी म्हटलं, "न्हाय कुणाचा. कंपनीवाल्यांचा." आणि पोहे संपवले. लिंबू पिळून, चवीनं संपवले. तुमच्या प्रत्येक फोनला उभा राहणारा माणूस त्या एका फोनला बसून राहिला, वहिनी. तुम्ही गाडीसाठी केलाच नव्हता तो.

हे मी तेरा दिवस कुणाला सांगितलं नाही. लोक येत होते, "फार केलंत हो तुम्ही वहिनींचं," म्हणत होते आणि मी हात जोडत होतो.

काल तेरावं झालं. पाहुणे पांगले. तुमची लेक प्राजू तुमच्या नेहमीच्या, आता रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून बसली होती. पुण्याहून आल्यापासून ती घराबाहेर पडलेली नाही. मी म्हटलं, "बाळ, चल, गाडी बघून येऊ." तिला वाटलं, हवापालट म्हणून नेतोय. मी तिला खरं सांगायला नेत होतो. वर्कशॉप उघडलं, दिवे लावले. तिनं गाडीच्या टपावर हात ठेवला, पुढं आली आणि मला म्हणाली, "काका, बॉनेट उघडा ना." मी उघडलं. ती वाकली. तुम्ही बघायचात तसंच तिनं आधी पुलीकडं बघितलं, दोन ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि हमसून हमसून रडायला लागली. "बाबांचे," म्हणाली. "बाबांचे आहेत हे."

गप्प बसलो असतो तर खपलं असतं. माझ्या हाताचं काम आहे, पुली खरंच पंधरा वर्षांची दिसत होती. पोरगीनं ते ठिपके बघून समाधान मानलं असतं आणि मी मरेपर्यंत ते कुणाला कळलं नसतं.

"न्हाईत बाळ," मी म्हटलं. "त्ये माझं हाईत."

मग सगळं सांगितलं. चीर, नवी पुली, मीठ, अमावस्या. खरी पुली फडक्यात बांधून कपाटात ठेवली होती, ती काढून तिच्या हातात दिली. ती पुली तिनं मांडीवर घेतली आणि लेथपुढच्या लाकडी पाटावर बसून ऐकत राहिली. शेवटी नऊ बावीसच्या फोनचंही सांगितलं. मला वाटलं, ही आता उठून जाईल. जावं असंच वाटत होतं.

ती म्हणाली, "मला माहितेय काका. आईचा फोन माझ्याकडंच आहे."

"कवापासनं म्हाईत हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

तेरा दिवस तिला माहीत होतं, आणि तेरा दिवस ती मला काका, जेवलात का, म्हणून विचारत होती. तिनं पर्समधून तुमचा फोन काढला, उघडला आणि माझ्यापुढं धरला. वर माझं नाव, नऊ बावीस. त्याच्या खालच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. प्राजू, नऊ सहा, चार मिनिटं.

"तुम्ही उचलला नाहीत," ती म्हणाली. "मी उचलला. आई म्हणाली, छातीत जळजळतंय, डावा हात जड वाटतोय. मी म्हटलं, पित्त असेल, गोळी घे आणि पडून राहा, माझी मीटिंग सुरू होतेय. म्हटलं, फारच वाटलं तर काकांना फोन कर." तिचा आवाज इतका सपाट होता की मला भीती वाटली. "तुम्हाला काही माहीत नव्हतं काका. मला तिनं सांगितलं होतं."

 मी तिच्याशेजारी खाली बसलो. मी तिला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, तिकडं लांब बसून कुणाला कळणार? ती मला म्हणाली, तुमचंही काही चुकलं नाही, तुम्ही तर आईचं मन राखायला गेलात. तिला माझं पटत होतं, मला तिचं पटत होतं. स्वतःचं दोघांनाही पटत नव्हतं.  मग तिनं विचारलं, "काका, फोन ठेवताना आई 'बरं' म्हणाली. नुसतं 'बरं'. ती रागावली असेल का हो माझ्यावर?"

मी नाही म्हणालो. पण मी लबाड माणूस, हे तिला पाच मिनिटांपूर्वीच कळलेलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

वहिनी, मेलेली माणसं कुणाच्या स्वप्नात येत नाहीत, हे तुम्ही मला किती वेळा समजावलंय. मेंदूचं काय असतं, झोपेचं काय असतं, कागदावर काढून दाखवलंय. असेल तसं. पण कसंही करून पोरगीकडं एकदा जाऊन या. ती जेवत नाही, झोपत नाही, तुमचा फोन उशाखाली घेऊन पडून असते. तिला एवढं सांगा, की ते 'बरं' रागाचं नव्हतं. माझ्यावर रागावल्या असाल तर राहा रागावलेल्या, मी तक्रार करणार नाही. लेकराला तेवढं मोकळं करा.